मंगळावरचा काळा राजा

मानसिंगाचा मला राग न्हवता. राग असता तर एक दिवस भांडून मोकळा झालो असतो. मला त्याचा हेवा वाटायचा, आन हेव्याचं भांडण करता येत न्हाई. त्यो आतल्या आत जळत बसतोय. आता साठी उलटली, तवा सांगून टाकतो.

आमी दोघं कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात कामाला हुतो. त्यो टाइम ऑफिसात पंख्याखाली, मी बॉयलरवर उसाचा भुसा ढकलायला. त्याचा बाप लालासाहेब म्हणजे बारा एकर उसाचा धनी. पाटाचं पाणी दाराशी. थोरला भाऊ मिलिटरीत. आन मी आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं बी गेली आन बा बी गेला. मग आईला मामाच्या घरी ठेवून मी पोटासाठी हिकडं आलो. मानसिंग रंगानं तुपागत गोरा, आन मी बॉयलरच्या दारागत. हे मी म्हणत न्हाई, सगळा कारखाना म्हणायचा, आन मी बी त्यांच्यासंगं हसायचो. न हसून जातो कुठं.

कारखान्याचं नाट्यमंडळ हुतं. दर गणपतीत नाटक. मानसिंग देव, मी राक्षस. मानसिंग राजपुत्र, मी चेटक्या. एका साली सामाजिक नाटक बसवलं. मला वाटलं, चला, औंदा सुटलो. तर त्यात बी मी दरोडेखोर.

त्यात आणखी एक गंमत. मंडळाची रंगरंगोटी माझ्याकडं. आमच्यात रीत अशी की रंगाच्या ट्रंकेवर पहिला हिरो बसणार. मी मुरदाडशिंगाचा पिवळा खडा सहाणेवर उगाळायचा, त्यात सफेदा घालायचा, आन मानसिंगाच्या तोंडावर बोटानं लिंपायचा. त्यो मुळातच गोरा, तरी त्याला आणखी गोरा करायचा. सगळ्यांचं झालं की शेवटाला मी. मला तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून. मी मुळातच काळा, तरी आणखी काळा. "जोत्याच्या रंगाला मंडळाचा खर्च न्हाई," असं पोरं मला, म्हणजे जोतीरामाला, म्हणायची. एक बार मी विचारलं, मग मला कशाला फासताय, मी हाय तसा चालंन की. तर म्हणाली, रंग लावल्याबिगर नाटक हाय असं वाटत न्हाई.

शहात्तर सालची गोष्ट. मंगळावर यंत्र उतरलं म्हणून पेपरात बातमी आली आन कारखान्याच्या शाळेतल्या नानासो गुरुजींच्या अंगात आलं. पंधरा दिवसांत त्यांनी नाटक लिहिलं, 'मंगळावरचं पाणी'. दुष्काळी गावचा एक पोरगा यानात बसून मंगळावर जातो. तिथं पाण्याचं तळं असतंय, पण तिथला काळा राजा, डोक्यावर दोन शिंगं, त्यो पाण्यावर बसलेला. पोरगा तहानेनं तडफडतोय, राजा हसतोय. शेवटाला पोरगा राजाला फसवून पाणी गावाला आणतोय.

वाचन चाललं हुतं तवा मी सरकत सरकत अगदी म्होरं जाऊन बसलो. दुष्काळी गावचा पोरगा म्हणजे मीच की. आमच्या हिरीत पाणी तळाला गेलं हुतं तवा आई माझ्या कमरंला दोर बांधून मला खाली सोडायची. खडकाच्या कपारीत ओंजळभर पाणी साठायचं, त्ये मी वाटीनं घागरीत भरायचो. एक घागर भरायला सकाळ जायची. आन खाली बसल्या बसल्या त्यातलं एक वाटी बी प्यायचं न्हाई, कारण वर आई वाट बघत हुती. त्ये सगळं माझ्या जिभेवर हुतं. कुणी हिरो करतंय का, एवढंच राहिलं हुतं.

गुरुजी म्हणाले, "हिरो मानसिंग. काळा राजा जोतीराम."

मी म्हणलो, "गुरुजी, मंगळावरली माणसं काळीच कशापायी?"

"अरे, मग लोकांना कळणार कसं, आपलं कोण आणि परकं कोण?"

"तिथली गोरी केली आन आपला काळा, तर?"

गुरुजी हसले. वाईट न्हवते बिचारे. "जोतीराम, हिरो आहे रे तो," म्हणाले, आन पुढचं पान उलटलं.

ज्याच्या दारात पाट व्हातोय त्यो तहानेला, आन ज्यानं वाटीनं पाणी भरलं त्यो पाण्यावर बसलेला राक्षस. तालमीत मानसिंग तहान लागल्याचं सोंग करायचा तवा मला बघवायचं न्हाई. गळा धरून डोळं फिरवायचा, जसा काय घशात लाडू अडकलाय. त्याची सगळी वाक्यं मला पाठ झाली. बॉयलरसमोर भुसा ढकलताना मी ती म्हणायचो. आवाजात कुणाला ऐकू जात न्हवतं.

गणपतीत नाटकाला आईला आटपाडीसनं बोलावलं. हरणाबाई तिचं नाव. कानानं जरा कमी, पण डोळं घारीचं. नाटक झालं आन मी शिंगं काढून तिच्यापाशी गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "झ्याक केलंस." आन लगेच मागनं मानसिंग आला, तर त्याच्या तोंडावरनं दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "किती देखणं गं पोर. दृष्ट लागंल." माझ्या जन्मदात्या आईनं. माझ्याम्होरं. मानसिंग लाजला आन वाकून तिच्या पाया पडला. त्या दिवशी मी जेवलो न्हाई.

त्याच नाटकाला मुंबईच्या टीव्हीवरच्या एक बाई पाव्हण्या म्हणून आल्या हुत्या. त्यांना नाटक आवडलं. अर्धा तास कापून टीव्हीवर घेऊ म्हणाल्या, जानेवारीत मुंबईला या. सगळा कारखाना नाचाय लागला. जाता जाता बाई रंगाच्या खोलीत आल्या. तिथं मी एकटाच, डबं आवरत.

"हे सफेदा-मुरदाडशिंग तिथं अजिबात आणू नका," बाई म्हणाल्या. "तिथल्या दिव्यांच्या झोतात पांढरा लावलेला चेहरा टीव्हीत पुसून जातो. नाकडोळे राहत नाहीत. तोंडं साधी ठेवा. सगळ्यांना सांगाल ना?"

"सांगतो की," मी म्हणलो. कुणालाच सांगितलं न्हाई.

लगेच काय ठरवलं न्हवतं. उद्या सांगू, परवा सांगू असं करत चार महिने गेलं, आन दर दिवशी न सांगणं जरा सोपं व्हत गेलं. शेवटी मुंबईला निघालो तवा ट्रंकेत सहाण बी हुती आन सफेदा बी.

स्टुडिओत गारठा, आन दिवं असं की डोळं दिपत हुतं. बाजूच्या खोलीत मानसिंग ट्रंकेवर बसला, डोळं मिटून, लेकरागत तोंड वर करून. "जोत्या, आज जरा सढळ हातानं लाव गड्या. मुंबई हाय." आता त्यानंच मागितल्यावर मी कशाला हात आखडू. एक हात लावला. वाळू दिला. वर दुसरा लावला. त्यो आपला विश्वासानं बसलेला. मग मी माझी काजळी फासली आन शिंगं चढवली.

कॅमेरा सुरू झाला आन बाजूच्या छोट्या पडद्यावर मानसिंग आला. आला म्हणजे सदरा आला, धोतर आलं. वर नुसतं पिठाचं ताट, त्याला डोळ्यांच्या जागी दोन भोकं. बाई ओरडल्या न्हाईत. माझ्याकडं बघितलं.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"इसरलो बाई," मी म्हणलो.

मानसिंगाला तोंड धुवाय पाठवलं. त्यो साबणानं खसाखसा धुऊन आला, आन खरा घोटाळा तिथं झाला. रंगाबिगर त्याला उभंच राहता येईना. वरसानुवरसं रंगाच्या मागं उभा राहिलेला माणूस त्यो. पहिलं वाक्य इसरला. दुसऱ्या खेपेला बी इसरला. मी सिंहासनावर बसून दबक्या आवाजात त्याला एकेक शब्द सांगत हुतो, तर तिसऱ्या खेपेला त्यो मधीच थांबला आन म्हणाला, "बाई, मला न्हाई जमायचं."

बाई घड्याळाकडं बघत हुत्या. स्टुडिओ आमाला ठरावीक वेळच मिळालेला. मग माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला सगळं पाठ आहे?"

"व्हय."

"मग तुम्हीच करा. ते काळं धुवा आणि तसेच या. काही लावू नका. तुमचा चेहरा कॅमेऱ्याला फार चांगला आहे."

माझ्या चेहऱ्याला चांगला म्हणणारं जगात पहिलंच माणूस. मी मानसिंगाकडं बघितलं. वाटलं, आता त्याला हेवा वाटू दे, आता त्यो जळू दे. तर त्यानं माझ्या डोक्यावरची शिंगं काढून आपल्या डोक्यावर चढवली. "कर गड्या, तुला येतंय. मी हुतो राजा. आण ती काजळी." आन हसला. मनापासनं हसला. त्याचा मला परत हेवा वाटला, ह्या हसण्याचा.

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. काजळी गेली. आरशात बघितलं तर खाली काळंच. अंगात हिरोचा सदरा, आन वर हे तोंड. बाईंचं बोलणं कानात हुतं, पण ह्या तोंडाचा हिरो मी जन्मात बघितला न्हवता. मीच बघितला न्हवता तर लोकांनी कुठनं बघावा. आई बघणार. तिनं मानसिंगावरनं बोटं मोडली हुती, माझ्यावरनं न्हाई. वाटीत सफेदा उरला हुता.

एक बोट घेतलं, नाकापुरतं. मग नाक एकटंच उजळ दिसाय लागलं, म्हणून गालाला. मग कपाळ राहिलं. मग मान काळी दिसाय लागली. पांढरं काय करतंय त्ये मला ठावं न्हवतं असं न्हाई. तासाभरामागं मीच त्ये दुसऱ्याला केलं हुतं. पण थोडंच लावलंय, थोडंच लावलंय असं म्हणत वाटी रिकामी केली.

मी बाहेर आलो तशा बाई म्हणाल्या, "अहो, हे काय—" आन घड्याळ बघितलं. वेळ सरत आलेली. "असू द्या. घ्या."

आन मी काम केलं. बाकी काय बी म्हणा, काम मी केलं. तळ्याम्होरं गुडघ्यावर बसलो आन त्या हिरीत उतरलो. कमरंला दोर, हातात वाटी, वर आईचं तोंड दिसतंय एवढंसं. "एक घोट. माझ्यासाठी नगं, वर माझी माणसं हायेत," हे वाक्य गुरुजींनी लिहिलं हुतं, पण त्या दिवशी त्ये माझं झालं. स्टुडिओतली माणसं हातातली कामं टाकून बघाय लागली. काळा राजा झालेला मानसिंग बी, हसायचं सोडून, क्षणभर माझ्याकडं बघतच राहिला. मग हसला, आन झकास हसला. राजाला जसं हसायला पायजे तसं मला इतक्या वरसांत जमलं न्हवतं.

झाल्यावर बाई जवळ आल्या. "काम उत्तम केलंत," म्हणाल्या. "पण..." आन माझ्या तोंडाकडं बघून पुढच्या कामाला वळल्या. पण काय, हे मी विचारलं न्हाई.

मार्चात एका सांजचं नाटक लागणार म्हणून पत्र आलं. आमच्या भागात टीव्ही कुठला. वाईला आकाराम नावाच्या दुकानदारानं पुण्याचं चित्र धरायला छपरावर दोन बांबू जोडून अँटेना उभी केली हुती. कारखान्याच्या ट्रकमधनं आमी पंचवीस माणसं गेलो. आई आदल्या दिवशी एस्टीनं आली. मी हिरो झालोय हे तिला सांगितलं न्हाई. मुद्दामच. म्हणलं, तिनं आपल्या डोळ्यांनी बघावं आन मग कुणावरनं बोटं मोडायची ती मोडावीत. बाकीच्यांना बी शपथ घातली. एवढ्यापायी मी त्यो हेवा पोसला हुता.

आईला अगदी म्होरं, पोत्यावर बसवलं. मी तिच्या बगलंला. मानसिंग मागं उभा. आमचा वायरमन सिद्धू छपरावर बांबू फिरवत हुता. आधी नुसत्या मुंग्या दिसल्या, मग चित्र आलं. आवाज खरखरत हुता, पण आईला तसा बी ऐकू येत न्हवता.

पडद्यावर यान उतरलं. यानातनं हिरो उतरला. सदरा, धोतर, वर पांढरं. नाक न्हाई, गाल न्हाई, कपाळ न्हाई. माझा मलाच मी वळखू आलो न्हाई. त्यो तळ्याम्होरं गुडघ्यावर बसला. हिरीतलं सगळं, दोर, वाटी, आई, त्या पांढऱ्याच्या मागं कुठंतरी हुतं, म्होरं मात्र एक भोक उघडत हुतं आन मिटत हुतं. आईनं पदर तोंडाला लावून जांभई दिली.

मग काळा राजा आला. तेलानं चकाकणारं तोंड, त्यात डोळं, त्यात दात, सगळं कसं ठसठशीत. आई गुडघ्यावर उठून बसली.

"आला बघा माझा जोती," ती सगळ्या दुकानाला सांगाय लागली. "आला. शिंगं बघा. दात बघा कसं, अगदी बापाच्या वळणावर गेल्यात." आन राजा हसला तशी तिनं दोन्ही हात लांब करून टीव्हीच्या काचंवरनं उतरवलं, आन आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "माझ्या लेकराला दृष्ट नगं लागाय."

दुकानातली माणसं माझ्याकडं बघाय लागली. मानसिंग माझ्या कानाशी वाकला. "जोत्या, सांग की रं तिला."

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा तिनं त्याच्यावरनं बोटं मोडली हुती, आन ह्या खेपेला त्यो माझं तोंड घालून बसला हुता. माझं धुऊन टाकलेलं तोंड. ज्या तोंडाला पुसायला मी वाटीभर सफेदा लावला, त्ये तोंड आईला एवढं आवडत हुतं, आन त्ये आता त्याच्याकडं हुतं. सांगायला मी तोंड उघडलं बी.

तेवढ्यात पडद्यावर परत हिरो आला. आईनं माझ्या मांडीवर चापट मारली. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, पडद्याकडंच बघत हुती. "आन ह्यो पांढरा कोण रं? नुसतंच तोंड उघडतोय. पाणी मागतोय म्हणं. तहानेलं माणूस असं असतंय व्हय?"

तिला ऐकू जावं म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. पंचवीस माणसांनी ऐकलं. मानसिंगानं बी ऐकलं.

"मानसिंग हाय त्यो, आये."

"तरीच," आई म्हणाली. "पाटाच्या पाण्यावर वाढलेलं पोर त्ये. त्याला तहान कुठनं ठावी असणार."